परदेशातली भूमिका

दामूची लेक भूमिका परदेशी विद्यापीठात शिकायला लागली, तेव्हा सापगावच्या नाक्यावर तिच्या फोटोचा फलक लागला. विद्यापीठ परदेशी असलं तरी त्याची ही शाखा नवी मुंबईतच आहे, एवढं मात्र दामूने फलकावर येऊ दिलं नाही. पुढे त्या शाखेची सरकारी मान्यता अडकली आणि मुलांना घरी पाठवलं. तोंडाला ओढणी गुंडाळून आलेली भूमिका बारा दिवस आतल्या खोलीतच होती. "मान्यता येईस्तवर तू तिकडंच हायस," बापाने बजावलं होतं.

आज शेजारच्या सकुबाई आल्या. भूमिका दाराआड कान लावून उभी राहिली.

"दामूभाऊ, शहापूरच्या कॉलेजात एकच जागा उरलीय. आज शेवटची तारीख. तुमच्या पोरीला हवी का? नायतर आमच्या रेश्माचं नाव घालते."

भूमिकाचा हात कडीवर गेला. दार उघडलं असतं तर बापाचं नाक कापलं गेलं असतं. त्यानेच नुसतं 'हवी' म्हटलं, तर तिचं वर्ष वाचणार होतं.

"तिला काय करायचीय, वयनी? ती तिकडं मजेत हाय. थंडी तेवढी लय हाय, बोलते," दामू हसला.

"मग रेश्माचंच घालते," म्हणत सकुबाई उठल्या. उंबऱ्याबाहेर आपल्या चपला शोधताना जरा थांबल्या.

"ह्या भूमिकाच्या चपला तेवढ्या आत घ्या, दामूभाऊ. एवढ्या थंडीत पोर अनवाणी फिरत असंल."