जावयाची डावी टाच

डावा पाय परातीत आला आणि डॉक्टर बाळकृष्णरावांचा हात थांबला.

अधिक महिना होता. तीन वर्षांनी येणाऱ्या या महिन्यात जावयाला नारायण मानून त्याचे पाय धुवायचे, अनारशांचं वाण द्यायचं, ही घरातली रीत. जावई गुजराती, लेकीने स्वतः निवडलेला. त्याला आपलं म्हणायला बाळकृष्णरावांना बरीच वर्षं लागली. आज मात्र स्वारी खुशीत होती. सकाळपासून ते बायकोला सूचना देत होते आणि ती त्यांना स्वयंपाकघरातून हाकलत होती. गुडघे कुरकुरत असतानाही ते पाटासमोर खाली बसले.

टाचेवर शेंगदाण्याएवढा काळा डाग होता.

"ते काय नाय, पप्पा," धवल संकोचून म्हणाला. "कोयलीला कारखान्यात दिवसभर जाड बूट घालावे लागतात ना, त्याचं कुरूप. दुखत पण नाय."

बाळकृष्णरावांनी ओल्या अंगठ्याने डाग चोळून पाहिला. कड वेडीवाकडी. एका बाजूला तपकिरी, दुसरीकडे डांबरासारखी काळी. सयाजीगंजच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं त्यांनी लोकांची कातडीच पाहिली होती. तुकडा तपासल्याशिवाय रोगाचं नाव घ्यायचं नाही, असं ते शिकाऊ डॉक्टरांना बजावत. तरी नाव मनात आलंच. मेलानोमा. त्वचेचा कर्करोग.

त्यांनी चष्मा मागवला. डाग एकटाच असेल तर वेळेवर कापून काढता येतो, माणूस वाचतो. त्यांनी पाय खिडकीच्या उजेडाकडे वळवला. डागापासून दोन बोटं वर, घोट्याच्या दिशेने, मोहरीएवढे दोन काळे ठिपके होते. म्हणजे रोग त्वचेतून पुढे सरकला होता. बाळकृष्णराव घाबरले. चेहऱ्यावर मात्र त्यांनी काही दिसू दिलं नाही.

"उद्या सकाळी आपण दोघं हॉस्पिटलात जाऊ," ते शांतपणे म्हणाले. "केव्हापासून आहे हे?"

लेक मैथिली पंचा घेऊन शेजारी उभी होती. धवलने बायकोकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती.

"गेल्या अधिकात एवढुसा होता, पप्पा. तेव्हा तुम्हालाच दाखवणार होतो. पण आम्ही जेवून निघालो तरी तुम्ही खोलीतून बाहेरच नाय आले."