सतरावा आलेख

हिर्डोशीच्या घरी पडवीत नूतननं स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवला. लेसरनं तापवलेल्या प्लाझ्माच्या प्रकाशाचे जे नऊशे आलेख तपासायला तिला तीन वर्षं लागली होती, ते प्रोग्रॅमनं चार मिनिटांत संपवले. "मंग आता तुजं काम ग्येलं व्हय?" आईनं धास्तावून विचारलं. नूतन प्रोग्रॅमची उत्तरं स्वतःच्या वहीशी ताडून बघत होती. सतरा आलेखांत प्रोग्रॅमचं उत्तर तिच्या उत्तराशी जुळत नव्हतं. तिनं ते हातानं पुन्हा मोजले. सोळा ठिकाणी तीच चुकली होती. सतराव्यात तिनं डाग समजून सोडलेली एक फिकट रेघ होती, मूलद्रव्यांच्या रेघांच्या कुठल्याच तक्त्यात नसलेली. तिनं पीएच.डी.च्या गाईड मॅडमना फोन करून आधी चुका सांगितल्या, मग रेघ. "चुका सुधारू. ती रेघ प्रयोगशाळेत न तपासता पडून असलेल्या चाळीस हजार आलेखांत शोध," मॅडम म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत रेघ तीनशे ठिकाणी सापडली; तो डाग नव्हता. नूतन आईला सांगायला भाताच्या खाचराकडं धावली.