सुनेची तारीख

हेल्मेटचा दंड भरला की केस मिटली असती. पण क्षितिजा दर खेपेला कोर्टातून पुढची तारीख मागून यायची, आणि जाताना डब्यात बोंबलाची चटणी न्यायची. जज काय बोंबील खातो? सासू जानकीबाई एकदा गुपचूप मागोमाग भिवंडीच्या कोर्टात शिरल्या. बाकावर सुनेची आई बसलेली! लग्नात मानपान चुकला म्हणून जानकीबाईंनी सुनेला जिचं तोंड बघायची बंदी केली होती, तीच.

"बाई, दंड भरा, मोकळ्या व्हा," कारकून म्हणाला.

"नको साहेब, पुढच्या महिन्याची तारीख द्या. तारीख असली तरच आई भेटते."



जानकीबाई पदर खोचून पुढे सरसावल्या. "काय रं सायबा, म्हैना कशाला? आठ दिसांनीच बोलव की पोरीला!"