पलीकडच्या खोलीतला कान

पार्ट्यांमध्ये गाणी वाजवायला शिकायचं म्हणून लेकाने दोन रेकॉर्ड प्लेयर घरी आणले. एका रेकॉर्डचा ठेका दुसरीच्या ठेक्यात असा मिसळायचा, की ऐकणाऱ्याला गाणं कधी बदललं ते कळूच नये. पण देवाने त्याला हौस पोटभर दिली आणि कान द्यायचा तेवढा राहून गेला.

कान होता तो त्याच्या आईला. चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलेली ती माउली आता पलीकडच्या खोलीत अंथरुणाला खिळली होती. ठेका जरा सुटला, की भिंतीपलीकडून हाक यायचीच, "पळतेय रे तुझी दुसरी. धर तिला."

तो रेकॉर्डच्या कडेला हलकेच बोट लावून विचारायचा, "आता गं?"

"आता मागे राहिली, गाढवा."

आज शिकवणारे उस्ताद परीक्षा घ्यायला येणार होते. जमलं तर शनिवारचा पहिला कार्यक्रम त्याचा. सकाळी त्याने दोन्ही रेकॉर्ड लावल्या, आणि तास उलटला तरी आतून एकही हाक आली नाही. अखेर जमलं, या आनंदाने त्याचा ऊर भरून आला.

उस्ताद आले ते दारातच थबकले. "अरे, दोन्ही गाणी दोन वाटांनी चालली आहेत. ऐकू येत नाही का तुला?"



"काहीतरीच काय, उस्ताद," तो हसत म्हणाला, "तसं असतं तर आई गप्प बसली असती का?"