चारचौघांत

अठ्ठ्याहत्तर साली नर्स सुलोचनाबाई शेलूबाजारात तान्ह्या लेकरांचं वजन करायला बसली, पण एकही आई पुढे येईना. लेकरू हलकं भरलं तर लोक आपल्या घरची गरिबी काढतील, ही त्यांची धास्ती. ते पाहून धान्याचे व्यापारी खेमचंद दुकानातून उठले आणि घरून आपल्या तान्ह्या नातवाला आणून त्यांनी काट्याच्या झोळीत ठेवलं.

वजन पाहून सुलोचनाबाईचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "शेठजी, तुमच्या घरी येऊन सांगते."

"घरी काहून? इथंच सांगा."

"बाळ फार कमी भरलं."

खेमचंद बायांकडे वळले. "माह्या घरी पोत्यानं धान्य हाय, तरी माहा नातू कमी भरला. मंग तुमाले कायची लाज?"

घरी निघालेली एक बाई माघारी वळली आणि तिनं कडेवरचं लेकरू स्वतःच झोळीत ठेवलं.