बाटलीच्या गळ्याचं माप

"हा पाह्य, चार चाकांवाला." संघदीपने मोबाईल थेट पोळपाटावर धरला. "बाटलीच्या गळ्यावर ठेवाचा अन् एक गिरकी माराची. फॉइल साफ निघते."

रचनाने लाटणं थांबवलं नाही. काल दोन चाकांवाला होता. परवा लाकडी मुठीचा, पातीवाला. त्याच्या आदल्या दिवशी फ्रिजला चिकटणारा. वाइनच्या बाटलीवरचं वेष्टण कापायची इतकी हत्यारं जगात असतात, हे तिला सोमवारपर्यंत माहीत नव्हतं. आज शुक्रवार होता.

"तुमच्या शोरूममधून लोक अर्ध्या तासात ट्रॅक्टर घेऊन जातेत," ती नवऱ्याला म्हणाली. "अन् तुमाले एवढंसं हत्यार चार दिवसांत पसंत पडून नाही राहिलं. चाकूनं कापा ना."

"साहेबासमोर चाकूनं? त्याईनंच देली ना बाटली, टारगेट पुरं केलं म्हणून. रविवारी नागपूरवरून आपल्या घरी जेवाले येऊन राहिले, तर थेच बाटली उघडा लागन. बराबर उघडली नाही तर म्हणतीन, गोंदियाचे लोक असेच."

"अन् मामाजी?"

संघदीपने मोबाईल मागे घेतला. बाहेर ओसरीत त्याचे वडील, म्हणजे रचनाचे मामाजी, यादोराव बसले होते. त्यांची वंदना सुरू झाली होती. आवाज अजून खणखणीत होता. दीक्षा घेतल्यापासून त्यांनी दारूला हात लावला नव्हता. गावी दवनीवाड्यात कुणाच्या लग्नात पंगतीला वास आला तरी ते भरल्या ताटावरून उठून येत. रविवारी ते साहेबाच्या शेजारीच जेवायला बसणार होते.

"बाबाले सांगू, द्राक्षाचं सरबत आहे म्हणून," संघदीप आवाज खाली आणून म्हणाला. "तसं पाहिलं तर द्राक्षाचंच आहे."

"बारा टक्के अल्कोहोल आहे. मागं लिहून आहे."

"तू मागचं वाचते कायले?"

"अन् मामाजीनं एक गिलास मागितला तर? देसान?"

"थे पाहू तवाच्या तवा." त्याने पुन्हा मोबाईल वर केला. "अन् असं एखादं घरी असलंच पायजे. पुढं कामी पडते."

लाटणं थांबलं.

"पुढं?"

"मंजे... असं पाहुणेगिहुणे आले तर. तू ना, रचना, प्रत्येक गोष्टीत प्रश्न विचारते. मी का तुया वर्गात बसलो आहो का?" मग तो जरा नरमला. "फक्त साइज समजून नाही राहिली. याच्यात लिहिलं आहे, बत्तीस मिलिमीटरपर्यंत चालते. तुयाजवळ थे मोजाचं आहे ना? पक्कं माप सांग. आत्ता ऑर्डर केला तर उद्या सांजेले घरी."

रचनाने हात धुतले. वाद घालण्यापेक्षा माप घेऊन मोकळं व्हावं, इतकी ती कावली होती. कॉलेजात शिकवायला न्यायच्या बॅगेतून तिने व्हर्नियर कॅलिपर काढला. तांदळाच्या कोठीमागे दडवलेली बाटली बाहेर ओढली आणि खिडकीपाशी उजेडात नेली.

गळ्याला जबडे लावले. एकोणतीस पूर्णांक आठ. सवयीने दुसऱ्यांदा लावले. तेवढंच. तिसऱ्यांदा लावताना तिला गळ्याभोवती एक बारीक तुटक रेघ दिसली.

तिने चष्मा वर सरकवून पाहिलं. ते वेष्टण नव्हतंच. ते झाकण होतं, गळ्याखालपर्यंत आलेलं, आट्यांचं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीला असतं तसं. एका हाताने बाटली धरायची आणि दुसऱ्याने पिळायचं, एवढंच. चाकू नको, चाकं नकोत, काहीच नको.

तिला आधी हसू आलं. मग चार दिवसांतली प्रत्येक मूठ आणि प्रत्येक पाती डोळ्यांसमोर आली आणि बाटली त्याच्या डोक्यातच घालावी असं वाटलं. "अहो," ती म्हणाली.

"हां, सांग. किती?"

त्याने मान वर केली नव्हती. अंगठा ऑर्डरच्या बटणावर तयार होता. ओसरीत यादोराव पाचव्या शीलावर आले होते, मद्यापासून दूर राहण्याच्या. तिथे ते नेहमी जरा थांबत, आणि मग पुढचे शब्द घरातल्या सगळ्यांना ऐकू जातील असे म्हणत.

"छत्तीस," रचना म्हणाली.

"आं? छत्तीस?" त्याचा अंगठा हवेतच राहिला. "याच्यात तर बसतच नाही मग." तो वर-खाली शोधू लागला. "एक आहे छत्तीसवाला. पण थो बाहेरून येते. पंधरा दिवस लागते म्हणते. बाप्पा! पुन्हा एक डाव मोज ना."

"तीनदा घेतलं."

संघदीपला पटलं. मापाच्या बाबतीत त्याने तिच्याशी कधी वाद घातला नव्हता. तो स्टुलावर बसून राहिला, मोबाईल मांडीवर पालथा टाकून.

"जाऊ दे," तो शेवटी म्हणाला. "साहेबाले सांगतो, घरी बाबा आहेत, आमच्या घरी चालत नाही म्हणून. काय म्हणाचं थे म्हणतीन." आणि उठता उठता त्याने हात पुढे केला. "दाखव बरं, एवढा जाड गळा कसा काय आहे त्याचा."

त्याची नजर आकड्यावर पडायच्या आत रचनाने कॅलिपरचे जबडे मिटवून शून्यावर आणले.