बॅनरचं दुसरं टोक

अकरा वाजता गोपीनाथकाका नगरसेवकाच्या ऑफिससमोर बॅनर घेऊन हजर झाले. कापडी बॅनर, दोन्ही टोकांना बांबू. 'आमच्या चाळीला पाणी द्या' असं स्वतःच्या हाताने रंगवलेलं. धरायला दोन माणसं लागणार, पण त्याची कसली काळजी? चाळीच्या ग्रुपवर मोर्चाच्या मेसेजला सगळ्यांनी अंगठे वर केलेले.

साडेअकरा झाले तरी चिटपाखरू फिरकलं नाही. शेवटी काकांनी एक बांबू विजेच्या खांबाला सुतळीने बांधला आणि दुसरा स्वतः धरला.

मोबाईल मात्र गप्प बसायला तयार नाही. 'काका, आम्ही तुमच्यासोबत!' 'आता माघार नाही!' 'लाईव्ह करा ना काका!' तिकडे घरी त्यांची बायको कलावतीबाई दुखऱ्या गुडघ्यांनी मागच्या बोअरवेलवरून कळशा आणत होत्या. त्यांच्यासाठी तर हा सगळा खटाटोप.

नगरसेवकाचा माणूस काळुराम बाहेर आला. रस्ता दोन्ही बाजूंना न्याहाळून म्हणाला, "काका, भाऊ विचारतायत, मोर्चा कधी येणार?"

"आलाय."

काळुराम हसला नाही, तेच काकांना जास्त लागलं. "ग्रुपवरचं सगळं बघितलं भाऊंनी. पण वरती पाण्याचं बोलायचं तर माणसं दिसायला नकोत का? चार डोकी घेऊन या, भाऊ लगेच बाहेर येतील."

चार डोकी! अख्ख्या चाळीतून चार निघू नयेत? काकांना एकदम फार एकटं वाटलं. त्यांनी सुतळी सोडली, बॅनर खांद्यावर टाकला आणि चालत घर गाठलं.

जिन्याशी शेजारचा राकेश भेटला, भलताच खुशीत. "काका, एक नंबर! तुमचा मेसेज मी सगळ्या ग्रुपवर फिरवला. पब्लिक जाम पेटलीय."

"असू दे. हे टोक धर रे, घडी घालायचीय."

राकेशने टोक धरलं. बॅनर पहिल्यांदाच नीट ताणला गेला. पलीकडे माणूस आहे, एवढ्यानेही काकांना बरं वाटलं.

"अरे, भारी दिसतोय!" राकेशने आपला बांबू कठड्यात अडकवला आणि मोबाईल काढत मागे सरकला. "काका, हलू नका, तसंच धरा."

काकांच्या मागून कलावतीबाई भरलेली कळशी घेऊन येत होत्या.

"काकू, जरा बाजूला ना," राकेश म्हणाला, "फोटोत मधे येताय."